हीटर नवा टाकला तरी करंट तोच: एका प्रकरणाचा पूर्ण हिशोब

मित्राचं मशीनचे सुटे भाग धुवायचं काम आहे. त्यासाठी ४० लिटरची स्टीलची टाकी, त्यात २००० वॅटचा हीटर, पाणी २५ अंशावरून ६० वर न्यायचं, बास एवढंच. आधी हे ५५-५७ मिनिटांत व्हायचं, ते हळूहळू नाही तर एकदम सव्वा तासावर गेलं. हे "एकदम" त्याने मला खूप उशिरा सांगितलं, आधी सांगितलं असतं तर अर्धं काम तिथेच झालं असतं, पण असो.

त्याने आधी स्वतःच डोकं चालवलं होतं आणि खरं सांगायचं तर हिशोब वरवर बघता बरोबर वाटतो. मेन बोर्डवर मीटर लावून व्होल्टेज बघितलं, २३० व्होल्ट. मग हीटर चालू करून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर) करंट बघितला, ७.५ अँपियर. (आधी त्याने क्लॅम्प अख्ख्या केबलभोवती घातला होता आणि शून्य आलं, कारण फेज आणि न्यूट्रलचा करंट एकमेकांच्या उलटा असतो, दोन्ही मिळून चुंबकीय परिणाम कापला जातो. एकच वायर क्लॅम्पमधे घ्यायची असते, हे त्याला मग आठवलं.) आता व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा), २३० भागिले ७.५ म्हणजे ३०.७ ओहम. हीटरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय, त्यावरून रेझिस्टन्स किती हवा? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, ५२९०० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम, आणि करंट हवा ८.७ अँपियर. मग त्याचा निष्कर्ष असा की हीटरचा रेझिस्टन्स २६ वरून जवळजवळ ३१ वर गेलाय, एलिमेंट (हीटरमधला तापणारा भाग) म्हातारं झालं, बदला. बदललं. नवं एलिमेंट टाकून परत मोजलं तर करंट ७.५ अँपियर. जसाच्या तसा.

"अरे, नवं पण खराब निघालं बहुतेक," असं म्हणत फोन आला.

दोन वेगवेगळी एलिमेंट, एक जुनं एक नवं, दोन्ही खराब आणि दोन्ही अगदी सारखीच खराब, हे मला पटेना. मी त्याला विचारलं की २३० कधी मोजलेस, हीटर चालू असताना की बंद असताना? बंद असताना. आणि कुठे? मेन बोर्डवर. आणि हीटर कुठे आहे? "तो पलीकडच्या कोपऱ्यात, आता एक्स्टेन्शनवर." आता म्हणजे? टाकी सोयीसाठी हलवली होती, त्याच आठवड्यात. झालं.

बघा, ओहमचा नियम (तोच, व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स) चुकत नाही पण तो फार प्रामाणिक आहे, तुम्ही ज्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घेतलंत त्याच दोन टोकांमधला रेझिस्टन्स तो देतो, तुमच्या मनातल्या वस्तूचा नाही. मेन बोर्डवरचं रिकाम्या अवस्थेतलं व्होल्टेज आणि हीटर चालू असतानाचा करंट यांचा भागाकार केला तर मिळतो तो अख्ख्या रस्त्याचा रेझिस्टन्स: भिंतीतली वायर, सॉकेट, प्लग, एक्स्टेन्शनची वायर, हीटर, एवढंच काय बोर्डाच्या मागचा सप्लायसुद्धा. ३०.७ ओहम हा आकडा खरा होता, फक्त तो हीटरचा नव्हता. शाळेत आपण व्होल्टेजसाठी "विभवांतर" हा शब्द पाठ करतो, त्यातलं "अंतर" कशाचं कशापासून हे मात्र कुणी नीट विचारत नाही.

गंमत म्हणजे या चुकीला मोठी परंपरा आहे. ज्याच्या नावाचा हा नियम तो जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम स्वतः १८२५ साली पहिल्यांदा जो नियम मांडून बसला तो लॉगरिदमवाला होता, चुकीचा, कारण त्याच्याकडच्या त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज लोड बदलला की जागेवर राहत नव्हतं. मग त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथचं थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देतो) वापरलं, एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात, व्होल्टेज अगदी थोडं पण स्थिर, आणि तेव्हा सरळ भागाकाराचा नियम दिसला, जो १८२७ च्या पुस्तकात आला. म्हणजे लोड लावल्यावर व्होल्टेज खाली बसतं हे न धरल्यामुळे खुद्द ओहम फसला होता, तर आमच्या मित्राला काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नियम एकच ठरवला, की हीटर चालू, करंट वाहतोय, आणि त्याच वेळी सगळीकडचं व्होल्टेज घ्यायचं, शक्यतो एकाच मीटरने. एकच मीटर यासाठी की मीटर थोडं वर-खाली दाखवत असलं तरी सगळीकडे एकाच बाजूला चुकतं आणि वजाबाकीत बरंचसं निघून जातं. इथे सगळी करामत वजाबाकीत आहे, दोन मोठे आकडे वजा करून छोटा आकडा काढायचाय, त्यामुळे एका व्होल्टची चूकपण जड पडते. (आणि हे चालू सप्लायवरचं काम आहे, मीटरच्या पिना धड नसतील किंवा सवय नसेल तर ज्याला येतं त्यालाच करू द्या, उघड्या टर्मिनलला हात लावायची इथे कुठेच गरज नव्हती, सगळं मोकळ्या सॉकेटमधे पिना घालून झालं.)

हीटर चालू करून ४० एक मिनिटं झाल्यावरचे आकडे असे आले. करंट ७.५ अँपियर. मेन बोर्डवर २३० चे २२८ झालेले. टाकी जिथे आधी होती तिथल्या भिंतीवर दोन सॉकेट आहेत एकाच वायरवर, एकात एक्स्टेन्शनचा प्लग होता, शेजारच्या मोकळ्यात मोजलं तर २२४.४ व्होल्ट. एक्स्टेन्शनच्या दुसऱ्या टोकाला, हीटरच्या शेजारच्या मोकळ्या सॉकेटमधे, १९८ व्होल्ट.

१९८ बघून मित्र गप्पच झाला. आता हीटरचा खरा हिशोब करा: १९८ भागिले ७.५, २६.४ ओहम. म्हणजे पट्टीवरच्या २६.४५ ला चिकटूनच. एलिमेंट ठणठणीत. आणि पॉवर १९८ गुणिले ७.५, म्हणजे १४८५ वॅट. दोन हजाराचा हीटर दीड हजाराचं काम करत होता.

इथे एक गोष्ट लोकांना नेहमी खटकते, की व्होल्टेज तर १४ टक्केच कमी झालंय, मग वॅट २६ टक्के कसे कमी? कारण रेझिस्टन्स तोच असेल तर व्होल्टेज पडलं की करंटपण त्याच प्रमाणात पडतो, आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून मार दोनदा बसतो. ०.८६ गुणिले ०.८६ करा, ०.७४ येतात, दोन हजाराचे ७४ टक्के म्हणजे १४८० च्या आसपास, जुळलं. पट्टीवरचे २००० वॅट हा हीटरचा गुण नाहीच, ती अट आहे, "मला २३० द्या, मग मी २००० देईन". हीटरचा स्वतःचा म्हणावा असा गुण एकच, तो २६.४ ओहम. आणि तोही या हीटरचा आहे म्हणून, कारण त्यातल्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही. जुन्या टंगस्टनच्या बल्बला हे लावू नका, त्याचा थंड रेझिस्टन्स पेटल्यावरच्या रेझिस्टन्सच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, बंद बल्ब मल्टिमीटरवर मोजून वॅट काढलेत तर भलतंच काहीतरी येईल.

वेळेचा हिशोबपण जुळतो का ते बघितलं, कारण तक्रार वेळेचीच होती. ४० लिटर पाणी ३५ अंश तापवायला साधारण ५८.६ लाख ज्यूल लागतात. पूर्ण २००० वॅट मिळाले आणि उष्णता कुठेच गेली नाही तर ४९ मिनिटं. टाकीला झाकण नाही, त्यामुळे हवेत सरासरी १८० एक वॅट जात असावेत असं जुन्या ५७ मिनिटांवरून निघतं (तेव्हासुद्धा हीटरला पूर्ण २००० मिळत नव्हते, १९०० च्या आतच). आता १४८५ मधून ते १८० वजा करा, उरले १३०५, आणि ५८.६ लाखांना १३०५ ने भागा, ४४९० सेकंद, म्हणजे ७५ मिनिटं. सव्वा तास! हे बघून मला फार बरं वाटलं. तक्रार आणि आकडे असे मिनिटाला मिनिट भेटले की समजायचं दुसरं काही लपलेलं नाही.

मग हरवलेले ३० व्होल्ट कुठे गेले त्याचा शोध. मेन बोर्ड ते भिंतीचं सॉकेट ३.६ व्होल्ट, ७.५ ने भागा, ०.४८ ओहम. भिंतीतली वायर दीडची, म्हणजे दीड स्क्वेअर एमएम तांबं, अंतर २० मीटर. दीडच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम, जायचं यायचं मिळून ४० मीटर, ०.४८ च येतं. म्हणजे भिंतीतली वायर निर्दोष. (येणं-जाणं दोन्ही धरायचं, हे विसरून लोक हमखास अर्धंच उत्तर काढतात.)

राहिले २६.४ व्होल्ट, सगळे एक्स्टेन्शनमधे. भागाकार ३.५२ ओहम. हे एक्स्टेन्शन म्हणजे ५० मीटरचा वायरचा ड्रम, वायर पाऊण स्क्वेअर एमएमची, आणि लागणारं अंतर जेमतेम १२ मीटर, बाकीची सगळी वायर ड्रमवर गुंडाळलेली. पाऊणच्या मल्टिस्ट्रँड वायरला किलोमीटरला २६ ओहम धरा, येऊन-जाऊन १०० मीटर, २.६ ओहम. मोजलेत ३.५२. जवळजवळ एक ओहम जास्तीचा, तो कुणाचा?

थोडासा सॉकेटचा. एक्स्टेन्शनचा प्लग ज्या सॉकेटमधे होता त्याचं प्लास्टिक एका भोकापाशी तपकिरी झालेलं होतं, म्हणून हीटर बंद करून प्लग शेजारच्या चांगल्या सॉकेटमधे घातला आणि लगेच परत मोजलं. आता करंट ७.६ आणि एक्स्टेन्शनवरचा ड्रॉप (वाटेत गळालेलं व्होल्टेज) २३.४ व्होल्ट, म्हणजे ३.०८ ओहम. ३.५२ वजा ३.०८, ०.४४ ओहम नुसता ढिल्या कॉन्टॅक्टचा. अर्धा ओहमसुद्धा नाही, मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तर तो दिसलापण नसता, मीटरच्या वायरीच तेवढा दाखवतात. पण करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करा: ५६ गुणिले ०.४४, २५ वॅट. चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, दोन पितळी पट्ट्यांमधे, बंद प्लास्टिकच्या डबीत, रोज सव्वा तास. तपकिरी नाही होणार तर काय. करंटच्या वर्गाने उष्णता वाढते हे इंग्रज शास्त्रज्ञ ज्यूलने १८४० च्या सुमारास पाण्यात तारा बुडवून मोजलं होतं, ते इथे सॉकेटवर भाजून उमटलं होतं.

आणि उरलेला जादाचा रेझिस्टन्स? हिशोबाने २.६ हवा, आहे ३.०८. इथे मला या प्रकरणातला सगळ्यात आवडलेला भाग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्रम रात्रभर थंड झालेला, खोली २५ अंशाला, चांगल्या सॉकेटवरून हीटर लावला आणि पहिल्याच मिनिटात मोजलं: ७.७ अँपियर, ड्रॉप २०.५ व्होल्ट, म्हणजे २.६६ ओहम. मग बंद. तीच वायर, तेच जोड, पण थंड असताना २.६६ आणि चाळीस मिनिटांनी ३.०८. सोळा टक्के वाढ. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे वायर ४० अंशांनी तापली, २५ आणि ४० मिळून ६५. थर्मामीटर न लावता वायरच्या आतल्या तांब्याचं तापमान नुसत्या व्होल्टेज आणि करंटवरून निघालं! आणि हे सरासरी आहे हं, बाहेर काढलेली १२ मीटर वायर हवेशीर आहे, म्हणजे ड्रमच्या पोटातली वायर त्याहून नक्की जास्त तापलेली. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश धरतात. ड्रमला वरून हात लावला तर "कोमट आहे की" एवढंच वाटत होतं.

आता ६५ या आकड्यावर फार विसंबू नका, क्लॅम्प मीटर दोनेक टक्के इकडेतिकडे असतोच आणि रेझिस्टन्समधे दोन टक्के चूक म्हणजे तापमानात पाच अंश. पण ६० असो की ७०, ड्रमच्या अख्ख्या वायरीत मिळून त्या वेळी पावणेदोनशे वॅटच्या आसपास जळत होते, त्यातले बहुतेक गुंडाळलेल्या भागात, एवढं पक्कं (७.५ चा वर्ग गुणिले ३.०८, १७३ वॅट). अशा ड्रमवर बऱ्याचदा दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेला असताना इतके वॅट आणि पूर्ण उलगडलेला असताना इतके. याच्यावरपण होते, पुसट. वायर तीच, करंट तोच, रेझिस्टन्स जवळपास तोच, फक्त उष्णता बाहेर जायला वाट आहे की नाही एवढाच फरक.

मित्राचा एक प्रश्न मला आवडला, म्हणाला वॅट कमी झाले तर बिलपण कमी यायला हवं ना? उलट. मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, बाकी सगळं बंद करून मोजलं तर मिनिटाला ९१ वेळा. ९१ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे १७०० वॅटच्या वर. बोर्डवरचे २२८ गुणिले ७.५ म्हणजे १७१०, दोन वेगळ्या रस्त्यांनी तेच उत्तर. त्यातले १४८५ पाण्यात, बाकीचे २२५ वायरीत आणि सॉकेटमधे, आणि हे सगळं ५७ ऐवजी ७५ मिनिटं. एका टाकीला आधी १.८ च्या आसपास युनिट लागायची, आता २.१ च्या वर. पाणी तेवढंच. (गुणाकाराला सरळ वॅट म्हणता येतंय कारण हीटर नुसता रेझिस्टन्स आहे, मोटर असती तर पॉवर फॅक्टर मधे आला असता, म्हणजे खरे वॅट या गुणाकारापेक्षा कमी निघाले असते.)

उपाय साधाच. ड्रम काढला, अडीच स्क्वेअर एमएमची १५ मीटर वायर सरळ टाकली, तपकिरी सॉकेट बदललं आणि प्लगच्या काळ्या पडलेल्या पिनांसकट प्लगपण बदलला, कारण भाजलेला प्लग नव्या सॉकेटलाही खराब करतो. आधी कागदावर काढलं की किती यायला हवं: अडीचच्या वायरला किलोमीटरला ८ ओहम, ३० मीटरचे ०.२४, भिंतीतले ०.४८, सप्लायचा पाव ओहम (ते २३० चे २२८ झाले होते त्यावरून), आणि हीटर २६.४, एकूण २७.४, करंट ८.४ यायला हवा. मीटरवर ८.४ आला. हीटरपाशी २२१ व्होल्ट, गुणाकार १८५० च्या वर. पाणी ५८ मिनिटांत ६० वर.

जुनं, काढून टाकलेलं एलिमेंट कोपऱ्यात पडलं होतं, ते थंड असताना नुसतं मल्टिमीटरवर लावलं, २६.३ ओहम. पहिल्याच दिवशी ते बदलायच्या आधी एवढं एक मिनिट केलं असतं तर, हे मी बोललो नाही, तोच बोलला.

एक गोष्ट मात्र उलटी झाली आणि ती त्याने स्वतः पकडली. करंट ७.५ वरून ८.४ झाल्यामुळे भिंतीतली दीडची वायर आता आधीपेक्षा जास्त तापते, ८.४ चा वर्ग गुणिले ०.४८, ३४ वॅट, आधी २७ होते. "मग तीपण बदलायची का?" म्हणाला. ३४ वॅट २० मीटरवर पसरलेत, मीटरमागे पावणेदोन वॅट, ड्रॉप चार व्होल्ट. बदलून हीटरला फार तर दीड-दोन व्होल्ट जास्त मिळतील आणि एखादं मिनिट वाचेल, त्यासाठी भिंत फोडायची गरज मला वाटली नाही, तशीच ठेवली.